रँचो लास मारिपोसास

मेक्सिकोच्या अमदानीत कॅलिफोर्नियात दिलेल्या जमिनींच्या सनदांपैकी एक गाजलेली सनद आणि तिच्याखालील जमीन. सनदेतील क्षेत्र १० चौरस लीग. अमेरिकी मोजणीप्रमाणे सु. ४४,३८७ एकर (सु. १७,९६० हेक्टर). ही जमीन सध्याच्या मारिपोसा परगण्यात, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरील टेकड्यांत असून मारिपोसा गाव व बेअर व्हॅली तिच्यात मोडतात. योसेमिटीतील सेक्वोया वृक्षांची ‘मारिपोसा ग्रोव्ह’ ही प्रसिद्ध राई मात्र या जमिनीत नाही.

मारिपोसा म्हणजे स्पॅनिशमध्ये फुलपाखरू. १८०६ च्या सप्टेंबरात गाब्रिएल मोरागा याची लष्करी तुकडी या भागात आली होती. तिच्यासोबतच्या पेद्रो मुन्योस या पाद्र्याने रोजनिशीत फुलपाखरांच्या थव्यांची नोंद केली आहे. एका हवालदाराच्या कानात फुलपाखरू शिरले आणि ते काढताना त्याचे बरेच हाल झाले, हेही त्याने लिहून ठेवले आहे. रोजनिशीतील मुक्काम खालच्या मैदानातला दिसतो. आजचे गाव वर टेकड्यांत आहे. तेव्हा नाव ओढ्याच्या काठाने वर सरकले असावे. येथे फुलणाऱ्या मारिपोसा लिलीवरून नाव पडले, असेही सांगतात. पण त्या फुलालाच फुलपाखराचे नाव मिळालेले असल्याने रोजनिशीचा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो.

अशा सनदा १८२४ चा वसाहत कायदा व १८२८ ची नियमावली यांनुसार दिल्या जात. एका व्यक्तीला जास्तीत जास्त ११ चौरस लीग जमीन मिळे : १ ओलिताची, ४ कोरडवाहू आणि ६ चराईची. अर्जदाराने गव्हर्नरकडे अर्ज व त्यासोबत जमिनीचा हाताने काढलेला कच्चा नकाशा (दिसेन्यो) द्यायचा, गव्हर्नरने चौकशी करून सनद द्यायची आणि प्रांतिक सभेने ती मंजूर करायची, असा क्रम होता. त्यानंतर न्यायाधिकारी शेजाऱ्यांसमक्ष ताबा देई. दोन घोडेस्वार सु. ५० वारांची दोरी घेऊन निघत. वारा हे सु. ३३ इंचांचे स्पॅनिश माप. दोरीच्या दोन्ही टोकांना खुंटे बांधलेले असत. एकाने खुंटा रोवून थांबायचे, दुसऱ्याने घोडा पुढे काढायचा, अशी मोजणी चाले. ५,००० वारांची एक लीग होई. गुरांच्या चराईपुरती ही मोजणी चालून जाई. एकरा-एकराचा हिशेब मागणाऱ्या न्यायालयात मात्र ती पुढे फार अडचणीची ठरली.

लास मारिपोसासच्या बाबतीत एवढेही झाले नाही. गव्हर्नर मान्वेल मिचेल्तोरेना याने २९ फेब्रुवारी १८४४ रोजी माजी गव्हर्नर ह्वान बाउतिस्ता आल्व्हारादो याला देशसेवेबद्दल ही सनद दिली. सिएरा नेव्हाडा पर्वत आणि चाउचिलेस, मर्सेड व सॅन वॉकीन या नद्या एवढीच चतुःसीमा तिच्यात लिहिली होती. या चौकटीत दहा लीग जमीन कितीतरी वेळा मावली असती. नेमकी कोणती दहा लीग, याचा उल्लेख नव्हता. अशा सनदेला कायद्याच्या भाषेत ‘तरंगती सनद’ म्हणू लागले. वर्षभरात घर बांधून ते वसते ठेवावे, रीतसर ताबा घ्यावा, जमीन विकू नये, अशा अटी होत्या. मुलूख मूळ रहिवासी टोळ्यांच्या हाती असल्याने आल्व्हारादोने घर बांधले नाही. दिसेन्यो जोडला नव्हता आणि सभेची मंजुरीही नव्हती.

१० फेब्रुवारी १८४७ रोजी आल्व्हारादोने ही जमीन जॉन सी. फ्रीमाँट या अमेरिकी लष्करी अधिकारी-संशोधकाला ३,००० डॉलरना विकली. व्यवहार माँटेरे येथील व्यापारी व अमेरिकी वाणिज्यदूत टॉमस लार्किन याच्यामार्फत झाला. फ्रीमाँटला किनाऱ्याजवळची जमीन हवी होती, लार्किनने आडरानातली गळ्यात मारली, अशी कथा बहुतेक ग्रंथांत येते. ती मुख्यतः फ्रीमाँट पक्षाकडून आलेली असल्याने जपूनच घ्यावी.

अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने (२ फेब्रुवारी १८४८) कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. जुन्या मालमत्ता राखण्याचे आश्वासन तहात होते. १८४९ मध्ये या टेकड्यांत गारगोटीच्या शिरांतले सोने सापडले आणि आडरानाचा भाव बदलला. १८५१ च्या भूमी कायद्याने प्रत्येक सनदधारकाला आयोगापुढे हक्क शाबीत करणे भाग पडले. एकूण ८१३ दावे दाखल झाले; त्यांपैकी सु. ६०० मंजूर झाले. निकाल लागेपर्यंत बहुतेक कॅलिफोर्नियन कुटुंबांच्या जमिनी वकील व सावकारांच्या घशात गेल्या. त्या मानाने फ्रीमाँटचा दावा झटपट निकालात निघाला : १८५२ मध्ये आयोगाने मंजूर केला, १८५४ मध्ये जिल्हा न्यायालयाने फेटाळला आणि १८५५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.

सरन्यायाधीश रॉजर टॉनी याच्या निकालाचा गाभा असा : सनद पूर्वीच्या सेवेचा मोबदला होती, त्यामुळे हक्क त्याच दिवशी निर्माण झाला. नंतरच्या अटी परिस्थितीमुळे पाळता आल्या नाहीत, एवढ्याने तो बुडत नाही. क्षेत्र नक्की असल्याने जागा नंतर ठरवता येते. न्यायमूर्ती कॅट्रन व कॅम्बेल यांनी भिन्नमत नोंदवले. नकाशा नाही, ताबा नाही, वहिवाट नाही, तेव्हा मेक्सिकोच्या कायद्याने उरलेच काय, हा आक्षेप वाचताना आजही बिनतोड वाटतो. पण तरंगत्या सनदांबाबत टॉनीचा निकालच पुढे आधार मानला गेला.

जागा ठरवताना जमिनीची हद्द मैदानाकडे न जाता टेकड्यांतील खाणींवरून मर्सेड नदीकडे गेली. १९ फेब्रुवारी १८५६ रोजी मिळालेल्या मालकीपत्रात (पेटंट) इतरांनी आधीच खोदलेल्या खाणीही आल्या. काही अभ्यासक याला सरळ लबाडी म्हणतात, तर काही कायदेशीर निवड. निवडीची मुभा न्यायालयानेच दिली होती. ती सोने सापडल्यावर वापरली गेली, हेही तितकेच खरे. मर्सेड मायनिंग कंपनीशी पाइन ट्री व जोसेफीन खाणींवरून तंटा पेटला. १८५८ च्या उन्हाळ्यात विरोधकांनी पाइन ट्री खाणीला काही दिवस वेढाही घातला होता.

खनिजांचा प्रश्न याहून किचकट होता. स्पॅनिश व मेक्सिकन कायद्यात सोने-चांदी राज्यसत्तेचे; जमिनीच्या सनदेबरोबर ते जात नसे. मग फ्रीमाँटला सोने कोणी दिले? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८५८ चा कौल त्याच्याविरुद्ध गेला होता. १८५९ मध्ये न्यायमूर्ती स्टीव्हन फील्ड याच्या निकालाने तो फिरला. १८६१ च्या निकालात फील्डने उपपत्ती पूर्ण केली : सनदेने खनिजे मिळाली नाहीतच, ती तहाने अमेरिकेच्या संघराज्याकडे आली आणि संघराज्याच्या पेटंटने जमीनमालकाकडे गेली. म्हणजे मेक्सिकोने जे दिलेच नव्हते, ते मेक्सिकोची सनद शाबीत करणाऱ्या कागदाने मिळाले.

खटले, यंत्रे व कर्जे यांत उत्पन्न जिरले. १८६३ मध्ये ही मालमत्ता न्यूयॉर्कच्या मारिपोसा कंपनीकडे गेली. तिने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याला १०,००० डॉलर वार्षिक पगारावर व्यवस्थापक नेमले. खाणींचे उत्पन्न त्याला सांगितल्यापेक्षा कितीतरी कमी निघाले आणि १८६५ मध्ये कंपनी कोलमडली. योसेमिटीविषयीचा त्याचा प्रसिद्ध अहवाल याच वास्तव्यातला आहे.

येथील मूळ रहिवासी दक्षिण सिएरा मिवोक व योकुट्स. चाउचिलेस हे नदीचे नाव योकुट्सांच्याच एका गटाचे. सनदेच्या कागदांत त्यांचा उल्लेख जवळजवळ केवळ ताबा घेण्यातील अडथळा म्हणून येतो. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन या स्वयंसेवक दलाने त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली.

मारिपोसा गावातील १८५४ चे दुमजली लाकडी न्यायालय अजून वापरात आहे. खाणहक्कांचे अनेक दावे याच इमारतीत चालले.