हिरवा चुडा पिवळा का झाला?

ताईचं लग्न १९८१ साली साताऱ्याला झालं. परवा तिची नात लग्नाचा अल्बम चाळत होती. एका फोटोवर बोट ठेवून तिनं विचारलं, "आजी, तुझ्या सगळ्या बांगड्या सोन्याच्या होत्या?"

सोनं कुठलं! कासाराने आदल्या दिवशी भरलेला हिरवा चुडा होता तो. फोटोत मात्र खरोखरच पिवळा दिसत होता. मांडवाच्या खांबाला बांधलेली केळ वाळल्यासारखी, दाजींचा काळा कोट विटकरी. कपाळावरचं कुंकू तेवढं होतं तसं ठसठशीत.

गंमत पुढेच आहे. त्याच लग्नातला, त्याच फोटोग्राफरने काढलेला एक फोटो मोठा करून आमच्या घरी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला होता. तो अजून तिथेच आहे. त्यात चुडा बऱ्यापैकी हिरवा आहे, पण कुंकवाच्या जागी पिवळट ठिपका उरलाय आणि चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. आणि याच भिंतीवर त्याच्याहून सत्तावीस वर्षांनी जुना, १९५४ सालचा, आई-बाबांचा स्टुडिओतला कृष्णधवल फोटो आहे. त्यात आईच्या नऊवारीचा काठ मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसतो.

"फोटो जुना झाला की उडतो" हे आपण सहज बोलून जातो. मग सगळ्यात जुना तो शाबूत कसा? आणि एकाच लग्नाचे दोन फोटो दोन वेगळ्या रंगांनी का बिघडले? मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे चहा गार झाला तरी मला गप्प बसवेना.

आधी कृष्णधवल. त्यातला काळा रंग म्हणजे शाई नव्हे, ती चांदी आहे. जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे, म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या संयुगांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू मोकळे होऊन एका जागी गोळा होतात. हे नेमकं कसं घडतं याची नीट मांडणी गर्नी आणि मॉट या दोघांनी १९३८ साली केली. चारेक अणूंचा पुंजका जमला तरी पुरे. एरवी त्याचा मागमूसही लागत नाही, पण डेव्हलपरच्या, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या द्रावणाला तो बरोबर कळतो, आणि तो पुंजका असलेला अख्खा स्फटिक, त्यातल्या अब्जावधी आयनांसह, चांदीत बदलतो. निसर्गात इतकी मोठी वाढ इतक्या स्वस्तात फार कमी ठिकाणी मिळते.

इथे मोहरीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिलेटिन गुरांच्या कातड्या-हाडांपासून बनतं. काही जिलेटिनच्या फिल्म फार संवेदनशील निघत, काहींच्या मठ्ठ. १९२५ साली कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी कारण शोधून काढलं. जिलेटिनमध्ये गंधकाची काही संयुगं लेशमात्र असत, आणि ती आली होती गुरांनी चरलेल्या मोहरीवर्गातल्या झाडांमधून. आपल्या फोडणीला जो झणका असतो तोच!

डेव्हलपरनंतर 'हायपो', म्हणजे सोडियम थायोसल्फेट. उरलेले, प्रकाश न लागलेले क्षार तो विरघळवून नेतो. क्षार विरघळवण्याचा त्याचा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच नोंदवून ठेवला होता. फोटोग्राफी जगाला कळली ती १८३९ साली. म्हणजे औषध रोगाच्या वीस वर्षं आधी तयार होतं. हायपो नीट धुतला नाही तर त्यातलं गंधक चांदीला डाग पाडतं, देवघरातल्या निरांजनासारखं. पण धुलाई चोख असेल तर फोटोत शेवटी धातू उरतो, आणि धातू सहसा उडून जात नाही. माझ्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल असायचा, बारा फोटोंचा. ते बाराच्या बारा आजही उत्तम आहेत. फोटोग्राफर म्हणून मी सुमार होतो, ही गोष्ट वेगळी.

रंगीत फोटोत मात्र चांदी उरतच नाही.

हा भाग मला सगळ्यात आवडतो, तेव्हा थोडा धीर धरा. रंगीत फोटोच्या कागदावर तीन थर असतात. एकात शेवटी पिवळा रंग तयार होतो, दुसऱ्यात मॅजेंटा, ज्याला साडीच्या दुकानात राणी कलर म्हणतात, आणि तिसऱ्यात सायन, फिरोजीच्या जवळ जाणारा निळा. हे तिघे मिळून बाकीचे रंग दाखवतात. पिवळा आणि सायन एकावर एक आले की हिरवा. पिवळा आणि मॅजेंटा आले की लाल. तिन्ही भरपूर आले की काळा.

हे रंग कागदावर आधीपासून नसतात. प्रत्येक थरात चांदीच्या क्षारांच्या सोबत 'कपलर' नावाचे रंगहीन रेणू बसवलेले असतात. डेव्हलपरचा रेणू प्रकाश लागलेल्या स्फटिकाला इलेक्ट्रॉन देतो, त्याची चांदी करतो, आणि हे करताना स्वतःचं ऑक्सिडीकरण करून घेतो. इलेक्ट्रॉन गमावलेला हा रेणू स्वस्थ बसत नाही. शेजारी जो कपलर असेल त्याला तो चिकटतो, आणि त्या जोडीतून रंग जन्माला येतो. तिन्ही थरांत डेव्हलपर एकच, कपलर वेगवेगळे, म्हणून रंग तीन. त्यानंतर ब्लीच चांदीचे पुन्हा क्षार करतं, हायपो ते विरघळवतो, आणि दोघे मिळून सगळी चांदी काढून नेतात. लग्न जमवून मध्यस्थाने पंगतीलाही न थांबता निघून जावं, तशी. पूर्वी लॅबमधला वापरलेला हायपो फेकून देत नसत, त्यातली ही चांदी परत काढता येते.

ही कल्पना रुडॉल्फ फिशर या जर्मन रसायनतज्ज्ञाला १९१२ च्या सुमारास सुचली, पण त्याचे कपलर एका थरातून दुसऱ्यात भटकायचे आणि रंगांची खिचडी व्हायची. ती अडचण सुटायला १९३६ साल उजाडलं. आग्फा या जर्मन कंपनीने कपलरच्या रेणूंना लांबलचक शेपट्या जोडल्या, त्या जिलेटिनमध्ये अडकून राहतात. कोडॅकने पुढे कपलर तेलकट थेंबांत कोंडून ठेवले.

तर ताईचा चुडा म्हणजे चांदी नव्हे, कपड्याच्या रंगासारखे सेंद्रिय रंगरेणू. त्या काळच्या कागदांवर तिन्ही रंगांची दुखणी वेगळी होती. सायन अंधारातही टिकत नसे. उष्णता, दमट हवा आणि थरात उरलेली रसायनं यांनी त्याच्या रेणूची रचना बदलते आणि तो रंगहीन होतो. अल्बम ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर, माळा पत्र्याखाली. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो हे आपण शाळेत शिकलो आहोत. साताऱ्याचे चाळीसेक उन्हाळे त्या ट्रंकेने काढले. हिरव्यातून सायन गेला, पिवळा उरला, आणि चुडा सोन्याचा झाला. काळ्यातून सायन गेला आणि कोट विटकरी झाला. कुंकवात सायन जवळजवळ नव्हताच, त्याचं काय बिघडणार?

भिंतीवर उलटा प्रकार. उजेडात सगळ्यात आधी मान टाकतो तो मॅजेंटा. काच अतिनील किरणं काही प्रमाणात अडवते, पण साधा दृश्य प्रकाशही त्याला पुरतो. कुंकवातून मॅजेंटा गेला, पिवळा ठिपका राहिला. चुड्यात त्याचं काम नव्हतं, चुडा हिरवाच. (ऐंशीच्या दशकानंतरचे कागद पुष्कळ सुधारले, त्यामुळे नंतरच्या बारशा-मुंजींचे फोटो बरे आढळतील.)

हे सविस्तर सांगायचं आणखी एक कारण आहे. भिंतीवरच्या फोटोतलं कुंकू फिकं व्हायला लागलं तेव्हा आमच्या एका मावशीने ते चांगलं लक्षण नाही म्हणून फोटो भिंतीवरून उतरवायचा आग्रह धरला होता. दाजी आज पंचाहत्तरीचे आहेत आणि रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येतात. तिघांचा फोटो काढू नये, तान्ह्या बाळाचा काढू नये, या समजुतींनी आपल्या घराघरांतल्या किती आठवणी घेतल्याच गेल्या नाहीत! माझा स्वतःचा तान्हेपणीचा एकही फोटो नाही.

आता नव्या अंधश्रद्धेकडे. "जुना फोटो एका क्लिकमध्ये नवा" म्हणणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप्स. भाच्याने तो भिंतीवरचा फोटो त्यातल्या एकात घातला. चेहरा तुकतुकीत झाला, पापण्या लांब झाल्या, आणि ती ताई राहिली नाही. फोटोत नसलेली माहिती असं ॲप आणणार कुठून? ते इतर हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं. स्कॅनरचं काम वेगळं. तो तिन्ही रंग सुटे मोजतो, आणि सायन थोडासा जरी शिल्लक असेल तरी तेवढ्याच थराचा जोर वाढवता येतो. पार गेला असेल तर मात्र त्यापुढे इलाज नाही, म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. निगेटिव्ह सापडल्या तर आधी त्या स्कॅन करा. त्या नारिंगी दिसतात म्हणून खराब झाल्या असं समजून लोक टाकून देतात. तो नारिंगीपणा मुद्दाम ठेवलेला असतो, रंगांमधल्या भेसळीची भरपाई करायला.

अल्बम माळ्यावरून उतरवून आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, मधल्या फळीवर ठेवा. चिकट पानांचा अल्बम असेल तर फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. कोकणात असाल तर पावसाळ्यात बुरशीवर लक्ष ठेवा, जिलेटिन तिचं आवडतं खाद्य. आणि स्कॅन केलेले फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे फोटो म्हणून टाकलेत तर ते दाबून लहान होतात, फाइलमध्ये नोंदवलेली तारीखही गळून पडते. मूळ फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा.

ताईच्या अल्बममधले बेचाळीस फोटो मी आठवडाभर बसून स्कॅन केले. चुड्याच्या फोटोत सायन थोडा शिल्लक निघाला. तो वाढवत नेला तसा दाजींचा कोट पुन्हा काळा झाला, केळीच्या पानांत जीव आला, बांगड्या हिरव्या झाल्या. पडद्यावर ताईला दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "छान झालाय रे. पण इतका पोपटी नव्हता."