परदेशी मार्जारमीन : नद्या-तलावांतील शिरकाव

मूळचे दुसऱ्या खंडांतील किंवा दूरच्या नदीखोऱ्यांतील, पण माणसाच्या हातून स्थानिक नद्या, तलाव आणि धरणांत पोहोचलेले मिशाळ मासे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आफ्रिकी मागूर (बाजारातला ‘थाई मांगूर’), सकर आणि पंगस हे तीन मुख्य. यांपैकी एकही मासा समुद्र ओलांडून स्वतः आलेला नाही. तळ्याचा फुटलेला बांध, रिकामी केलेली काचेची पेटी आणि मत्स्यबीजाची भेसळ असलेली पिशवी या त्यांच्या वाटा आहेत. मासा नदीत दिसू लागल्यावर सगळी चर्चा माशाबद्दल होते. या वाटांबद्दल मात्र फारच कमी बोलले जाते.

आफ्रिकी मागूर (क्लॅरियस गॅरिपिनस) हा आफ्रिका आणि पश्चिम आशियातला मासा. मत्स्यशेतीसाठी तो थायलंडमार्गे बांगलादेशात आला आणि तिथून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस चोरट्या मार्गाने पश्चिम बंगालमध्ये शिरला. केंद्र सरकारने 1997 मध्ये त्याच्या पालनाला मनाई केली, पण तोवर बीज राज्याराज्यांत पसरले होते. याची कारणे साधी आहेत. हा मासा काही महिन्यांत किलोभर वाढतो, कत्तलखान्याच्या आणि कोंबडीच्या दुकानांच्या टाकाऊ मांसावर पोसला जातो, आणि कल्ल्यांच्या वरच्या झाडासारख्या फांद्यांच्या अवयवाने थेट हवेतला प्राणवायू घेतो. त्यामुळे घाण, दाट, प्राणवायू संपलेल्या पाण्यातही तो टिकतो आणि टबात जिवंत ठेवून विकता येतो. देशी मागूर (क्लॅरियस मागूर) चवीला सरस आणि भावाला चढा, पण वाढीला मंद. बाजारात परदेशी मासा त्याच्याच नावावर खपतो. देशी मागूर हा बिहारचा राज्यमासा आहे आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘धोकाग्रस्त’ म्हणून नोंदला आहे, हे ध्यानात घेतले की या फसवणुकीची किंमत कळते.

तळ्यातला आफ्रिकी मागूर नदीत जातो तो बहुतेक पावसाळ्यात. याची तळी नदीकाठी, ओढ्यालगत किंवा धरणाच्या फुगवट्याला चिकटून खोदलेली असतात, कारण पाणी तिथेच फुकट मिळते. पहिल्या मोठ्या पुरात बांध फुटतो किंवा पाणी वरून वाहते. पाणी नुसते जवळ आले तरी पुरते, कारण ओल्या रात्री हा मासा छातीच्या काट्यांवर रेटा देत जमिनीवरून सरकू शकतो. शिवाय नव्या पुराने बुडालेले उथळ गवताळ काठ हीच त्याची विणीची जागा. म्हणजे पळायची वेळ आणि विणायची वेळ एकच, आणि आपला मोसमी पाऊस दोन्ही साधून देतो. तळे उपसून तो संपतो असेही नाही, ओलसर चिखलात तो दडून राहतो. नदीत गेल्यावर तो मासे, बेडूक, गोगलगायी, किडे असे मिळेल ते खातो आणि देशी मागुराशी त्याचा संकरही होतो. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळीतही तो पोहोचला. केरळात 2018 च्या महापुरात मत्स्यतळी आणि शोभेच्या माशांची केंद्रे वाहून गेल्यावर नद्यांत चक्क दक्षिण अमेरिकेतला आरापायमा सापडू लागला. पुराने काय काय सुटते याचा याहून ढळढळीत पुरावा नको.

सकर माशाची वाट घरातून सुरू होते. दक्षिण अमेरिकेतला हा चिलखती मासा (टेरिगोप्लिक्थिस) काचेवरचे शेवाळ साफ करतो म्हणून बोटभर असताना विकला जातो. विकणारा हे सांगत नाही की तो हात-दीड हात वाढतो. मग तो पेटीत मावत नाही, मारवत नाही, आणि ‘जिवाला जीवदान’ म्हणून जवळच्या नाल्यात किंवा तलावात सोडला जातो. ही दया मनापासूनची असते, म्हणूनच ही वाट बंद करणे सगळ्यांत अवघड. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळी आणि आंध्रातील कोल्लेरू सरोवर यांत तो स्थिरावला आहे. 2020 मध्ये वाराणसीजवळ गंगेतही सापडला.

या दोन्ही वाटा उजनी धरणात येऊन मिळतात. पवना मुळेला, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीला मिळते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये नाल्यात सोडलेला मासा जगला, तर त्याला उजनीपर्यंत पाण्याचीच सोबत आहे. त्याच पाण्यातून शहरांचे सांडपाणीही येते. प्राणवायू कमी झाला की महाशीर, शिवडा यांसारखे नदीचे मासे मागे हटतात आणि हवा गिळून जगणारे पुढे सरकतात. मागूर त्यासाठी वेगळा अवयव वापरतो, सकर पोटाच्या अस्तरातून प्राणवायू घेतो. सकराच्या अंगावरच्या हाडांच्या पट्ट्या आणि ताठ काटे जाळ्यात अडकले की जाळे फाटते; मासा विकला जात नाही, नुकसान मात्र मच्छिमाराचे. विणीसाठी तो काठात मीटरभर खोल बिळे करतो आणि काठ ढासळतात. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो धरणात तिलापियाची मोठी मासेमारी याच माशाने खिळखिळी केली. उजनीची मासेमारीही ‘चिलापी’वर, म्हणजे तिलापियावरच, उभी आहे. चिलापी स्वतः 1952 मध्ये भारतात आणलेली आफ्रिकी मासळी, हे इथे नोंदवायला हवे. परदेशी माशावर पोट असलेल्यांना दुसऱ्या परदेशी माशाने छळले आहे.

तिसरी वाट बीजाची. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून कटला-रोहूचे जिरे व बोटुकली (लहान-मोठी पिल्ले) शेकडो किलोमीटर प्रवास करून येतात. त्या वयात कोणता मासा कोणता हे ओळखायला सराव लागतो. शेततळ्यात किंवा पाझर तलावात पिशवी रिकामी झाली की चुकून आलेले बीजही कायमचे आत जाते. पंगस (पँगेशियनोडॉन हायपोफ्थाल्मस) हा मेकाँग व चाओ फ्राया खोऱ्यांतला मासा मात्र उघडपणे पाळला जातो, धरणांतल्या पिंजऱ्यांतही. पिंजऱ्याचे जाळे फाटणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे नदीच्या मुख्य प्रवाहावर पिंजरे टाकण्यास परवानगी देताना अधिक हात आखडता हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इतरत्र हौस आणि सरकारी धोरणही कारणीभूत ठरले. स्पेनच्या एब्रो नदीत युरोपीय वेल्स हा महाकाय मार्जारमीन 1974 मध्ये जर्मन गळवाल्यांनी सोडला. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या नद्यांत निळा मार्जारमीन 1970 च्या दशकापासून गळाच्या शिकारीसाठी सरकारनेच सोडला आणि तो चेसापीक उपसागरात पसरला. फ्लोरिडातला प्रसंग आपल्याला अधिक जवळचा. तिथे 1960 च्या दशकाच्या अखेरीस मागुराच्याच कुळातल्या ‘चालत्या’ मार्जारमीनावर बंदी आली, तेव्हा टँपा परिसरातल्या काही पाळणाऱ्यांनी साठा नष्ट करण्याऐवजी पाण्यात सोडून दिला.

भारतात राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यांनी थाई मांगुराची तळी नष्ट करण्याची मोहीम घेतली. 2020 च्या सुमारास इंदापूर परिसरात उजनीच्या काठावरची तळी उद्ध्वस्त करून टनावारी मासा पुरण्यात आला. अशा कारवाईत पंचनामा, मासा मारून पुरणे आणि तळे बुजवणे एकाच वेळी झाले तरच उपयोग. नोटीस देऊन मुदत दिली, तर फ्लोरिडासारखे घडायला एक रात्र पुरते. सकरासाठी तर दुकानदाराने नको झालेला मासा परत घेण्याची साधी सोयही बहुतेक ठिकाणी नाही. जाळ्यात आलेला सकर वा मांगूर पुन्हा पाण्यात न टाकणे एवढे मच्छिमाराच्या हाती उरते.