उंबराचे फूल

उंबर (औदुंबर, शास्त्रीय नाव फायकस रॅसिमोझा) हा वड, पिंपळ आणि अंजीर यांच्या कुळातला वृक्ष आहे. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला ‘उंबराचं फूल झालास की’ असे आपण म्हणतो, कारण या झाडाचे फूल कुणाला दिसत नाही. प्रत्यक्षात उंबराला फुले अमाप येतात. खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने लगडणारे ज्याला आपण फळ म्हणतो, तो आत वळलेला, बंद फुलोराच असतो.

जास्वंदीत सगळे उघड्यावर असते: मधल्या दांडीवर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच कुक्षी. कोवळे हिरवे उंबर मात्र ब्लेडने उभे चिरावे लागते. आतल्या पोकळीच्या भिंतीवर शेकडो इवली फुले दाटीने बसलेली दिसतात. तोंडाजवळ पुंकेसर असलेली नरफुले आणि बाकी सगळीकडे मादीफुले. प्रत्येक मादीफुलात तळाशी अंडाशय, त्यावर कुक्षीवृंत आणि टोकाला पराग झेलणारी कुक्षी असते. कुक्षीवृंत काहींत आखूड, काहींत लांब असतो, आणि पुढचे सगळे यावरच ठरते.

मादीफुले आधी तयार होतात. तेव्हा सुटणाऱ्या वासावर सेरॅटोसोलेन फुसिसेप्स ही चिलटाएवढी वरट-मादी (वरट म्हणजे गांधीलमाशीच्या जातकुळीतला इवला कीटक) येते आणि तोंडावरच्या खवल्यांतून आत घुसते. वाट इतकी चिंचोळी, की बहुधा तिचे पंख तिथेच तुटतात. छातीवरच्या खिशांतून आणलेले पराग ती कुक्षींवर टाकते आणि कुक्षीवृंतातून अंडनलिका खुपसून अंडी घालते. आखूड वृंताच्या फुलांत बहुतेक करून अळ्या वाढतात आणि त्या फुलांच्या गाठी होतात, लांब वृंताच्या फुलांत बी धरते. मादी आतच मरते.

काही आठवड्यांनी बिनपंखी नर आधी आपापल्या गाठींतून बाहेर पडतात, गाठींतल्या माद्यांशी मीलन करतात, उंबराची भिंत पोखरून वाट काढतात आणि मरतात. त्याच सुमारास नरफुले उमलतात. माद्या पराग खिशांत भरून त्या वाटेने उडतात. त्यांचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे असते. एका झाडाची उंबरे बहुधा एकाच वेळी तयार होतात, त्यामुळे त्यांना दुसरे झाड गाठावे लागते.

‘उंबर फोडून केंबरं काढणे’ म्हणजे नको ते उकरणे. पण केंबरांना, म्हणजे उंबरातल्या या चिलटांना, नुसते किडे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांतल्या या एका जातीवाचून उंबरात बी धरणार नाही. पुण्याकडचे अंजीर परागीभवनाशिवाय पोसते, म्हणून आपल्याला या वरटांची गरज जाणवत नाही. कॅलिफोर्नियात लावलेल्या स्मर्ना अंजिरांची फळे मात्र वर्षानुवर्षे गळत राहिली. १८९९ मध्ये त्यांची वरट तिथे रुजली, तेव्हा फळ टिकले.

वरटा उडून गेल्या की उंबर मऊ पडते, लालसर होते, गोड होते. मग वटवाघळे, धनेश आणि माकडे झाडावर येतात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. विहिरीच्या कठड्यात किंवा देवळाच्या भिंतीत उगवलेले उंबर बहुधा त्यातलेच असते.