चॉल्डनची शिडी: चुन्याखाली राहिलेलं चित्र

१८६९ साली इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या चॉल्डन गावी चर्चच्या भिंतींना नव्याने चुना द्यायचं काम निघालं. जुने थर खरवडताना पश्चिमेच्या भिंतीवर कुठेतरी लालसर रंग दिसला. तिथले रेक्टर, म्हणजे चर्चचे मुख्य धर्मगुरू, हेन्री शेफर्ड यांनी कामगारांना थांबवलं. मग तो चुना जपून काढला गेला आणि खाली सुमारे १७ फूट लांब, ११ फूट उंच असं एक अखंड चित्र निघालं. ते इसवी सन १२०० च्या आसपासचं आहे. विषय आहे शिडीवरून तारणाकडे चढणारे आणि खाली पडणारे आत्मे. इंग्लंडमध्ये या विषयाचं दुसरं भित्तिचित्र आजवर सापडलेलं नाही.

चॉल्डन लंडनच्या दक्षिणेला, नॉर्थ डाउन्सच्या चुनखडीच्या टेकड्यांवर आहे. लंडनला वळसा घालणारा एम-२५ महामार्ग इथून फार लांब नाही. चर्च संत पीटर आणि संत पॉल यांच्या नावाचं, आकाराने बेताचं. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली महसुलासाठी करवून घेतलेल्या पाहणीत, म्हणजे डूम्सडे बुकात, इथे चर्च असल्याची नोंद सापडते.

चित्राच्या मधोमध एक उंच शिडी आहे. उघड्या अंगाची माणसं तिच्यावरून वर चढताहेत, काही घसरून खाली पडताहेत. ढगांचा एक आडवा पट्टा भिंतीचे दोन भाग करतो. वर तारण, खाली यातना. शिडीच्या टोकाला ढगांत ख्रिस्त, त्याच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. वरच्या अर्ध्या भागात एकीकडे देवदूत मायकल तराजूत आत्मे तोलतोय आणि सैतान पारडं आपल्याकडे झुकवायच्या खटपटीत आहे. दुसरीकडे ख्रिस्त नरकात उतरून, बांधून आडव्या पाडलेल्या सैतानावर भाला रोखतोय.

पण नजर खिळते ती खालच्या भागावर. दोन धिप्पाड राक्षस कढईतली माणसं ढवळताहेत. कुंभीपाकाची वर्णनं ज्यांनी लहानपणी ऐकली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. एका बाईचा हात कुत्र्यासारखं जनावर चावतंय. तिने आपल्या कुत्र्यांना मांस घातलं आणि दारातल्या गरिबाला विन्मुख पाठवलं, असा त्याचा अर्थ लावतात. उजवीकडे दोन राक्षसांनी करवतीसारखे दाते असलेला एक पूल धरलाय आणि त्यावरून कारागीर चाललेत. लोहाराकडे ऐरण नाही, कुंभाराकडे चाक नाही. धंद्यात लबाडी केलेल्यांनी आता हत्याराविना काम पुरं करायचं आणि तेही दात्यांवर उभं राहून. शिक्षा कल्पणारा माणूस बाजारात बराच फिरलेला असावा, असं मला हे पाहून वाटतं.

पुलाखाली सावकार बसलाय. खाली आग, गळ्यात पैशांची पिशवी, तोंडातून नाणी पडताहेत, वरून राक्षस टोचताहेत. याला काळाचा संदर्भ आहे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेत, म्हणजे रोममध्ये भरलेल्या धर्मसभेत, चर्चने उघड सावकारी करणाऱ्यांना ख्रिस्ती दफन नाकारायचं ठरवलं होतं. त्यानंतर वीसेक वर्षांतच हे चित्र काढलेलं दिसतं. परिषदेतला लॅटिन ठराव चॉल्डनच्या शेतकऱ्याला वाचता येणार नव्हता. सावकाराच्या तोंडातली नाणी मात्र त्याला पाहता येत होती. बाणभट्टाच्या हर्षचरितात बाजारात यमपट, म्हणजे यमलोकाची चित्रं, दाखवणारा भेटतो आणि भोवती पोरांचा घोळका असतो. त्याचं आणि या भिंतीचं काम एकच.

मृत्यूनंतर थेट स्वर्ग किंवा नरक न मिळता मधल्या ठिकाणी पापं भोगून शुद्ध व्हायचं, ही ‘परगेटरी’ची कल्पना बाराव्या शतकातच ठाशीव होत होती. त्यामुळे चॉल्डनच्या शिडीला ‘परगेटरीची शिडी’ असंही म्हणतात. शिडीचं मूळ मात्र पूर्वेकडचं आहे. सातव्या शतकात सिनाई पर्वतावरच्या मठातल्या जॉन क्लायमॅकस यांनी मोक्षाकडे नेणाऱ्या तीस पायऱ्यांची कल्पना मांडली आणि बायझँटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती परंपरेतल्या, चित्रकारांनी तिची चित्रं केली. म्हणून हा चित्रकार ग्रीक परंपरा पाहिलेला फिरता भिक्षू असावा, असा तर्क आहे. त्याचं नाव कुठेच नाही. रंग साधे, मातीतले: गेरूचा लाल आणि पिवळी माती. पार्श्वभूमी गडद लाल आणि तिच्यावर फिकट अंगाची माणसं.

मग ही भिंत झाकली का? १५३४ साली आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि त्याचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या राजवटीत, १५४७ पासून, चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं हटवायचे हुकूम निघाले. परगेटरी ही कल्पनाच नव्या प्रॉटेस्टंट मतानुसार आता खोटी ठरली होती. ठिकठिकाणी चित्रांवर चुना फिरला. स्ट्रॅटफर्डच्या गिल्ड चॅपलमधली चित्रं विद्रूप करण्यासाठी दोन शिलिंग दिल्याचं १५६३-६४ च्या हिशेबात लिहिलेलं आहे. त्या वेळी नगराचे हिशेब पाहणारे होते जॉन शेक्सपियर. त्यांचा मुलगा, नाटककार विल्यम शेक्सपियर, याचा जन्म त्याच १५६४ चा.

पण ज्याने पुसलं त्यानेच राखलं. चुन्याच्या थराखाली चित्राला धूर लागला नाही, हात लागले नाहीत. इतर अनेक चित्रांचा घात झाला तो पुढे, एकोणिसाव्या शतकात, चर्चचा जीर्णोद्धार करायच्या उत्साहात. भिंतीचा मूळ दगड दिसला पाहिजे म्हणून गिलावाच्या गिलावा उतरवला गेला आणि त्याच्यासोबत कुठे काय गेलं याची मोजदाद नाही. लेखक-कलाकार विल्यम मॉरिस आणि मंडळींनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तिला ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याविरुद्धची, असं टोपणनाव पडलं ते यामुळेच. चॉल्डनला त्याच खरवडण्याने चित्र मिळवून दिलं, कारण तिथे ‘थांबा’ म्हणणारा वेळेवर हजर होता. आपल्याकडे देवळातल्या कोरीव खांबांवर दरवर्षी ऑइलपेंटचे हात चढताना पाहिलेल्यांना यातला योगायोगाचा वाटा केवढा, ते कळेल.

सापडल्यानंतरही धोके संपले नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या अनेक भित्तिचित्रांना ती टिकावीत म्हणून मेणाचा लेप दिला गेला. मेण काळवंडलं, भिंतीतली ओल आतच कोंडली आणि पुढच्या पिढीला ते मेण मोठ्या कष्टाने काढावं लागलं.

चॉल्डनच्या चर्चमध्ये १५६२ सालची एक शिळाही आहे. म्हणजे चित्रांचे दिवस भरल्यानंतरची. तिच्यावर चित्र नाही, फक्त यमक जुळवलेला मजकूर आहे: वाचणाऱ्या, जिवंत आहात तोवर गरिबांशी, गरजूंशी चांगलं वागा, असं सगळ्यांना बजावून सांग. कुत्र्याच्या तोंडात हात दिलेली बाई भिंतीवर तेच सांगत होती.