वजन बरोबर आहे हो, पण पोटाचं काय?

कुणाला अ‍ॅटॅक आला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अरे पण तो तर किती बारीक होता!" हार्टचं दुखणं जाड्या लोकांचं, असं आपण कधीतरी ठरवून टाकलंय आणि मग काट्यावर साठ-बासष्ट किलो दिसले की माणूस निवांत, शर्टाचं खालचं बटण ताणलं जातंय तिकडे कुणी बघतच नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) सारखाच, साधारण २२, म्हणजे पुस्तकाप्रमाणे दोघंही एकदम नॉर्मल. पण मशीनवर अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. काट्याला स्नायू कुठला आणि चरबी कुठली ते कळत नाही ना, तो नुसता किलो सांगतो.

आणि हे फक्त खाण्यापिण्याच्या लाडांमुळे होतं असंही नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं याज्ञिकांच्या टीमने मोजली, सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे हाडकुळं दिसणारं बाळ आतून तसं नसतंच, आणि पुढे हेच पोर मोठं होऊन खुर्चीवर बसायची नोकरी करतं, दोन वेळा भात-पोळी, मधे चहा-बिस्किटं, स्नायूंना काम शून्य.

चरबी वाईट म्हणजे सगळीच वाईट नाही बरं का. मांड्यांवरची, कुल्ह्यांवरची चरबी तशी गुपचूप पडून असते. पण कातडीखाली जागा कमी पडली की माळा भरल्यावर सामान हॉलमध्ये येतं तशी चरबी आत आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये साठायला लागते, खरा उपद्व्याप हिचा. तिच्यातून सुटणारी फॅटी अ‍ॅसिड्स लिव्हरकडे जातात, मग लिव्हर जास्त ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबीच) रक्तात सोडतं, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल घसरतं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉलचे कण बारीक आणि दाट होतात, इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं, बीपी चढतं. हे सगळं वर्षानुवर्षं चालू असतं आणि दुखत काहीच नाही! लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, हातात आला की लोक फक्त टोटल कोलेस्ट्रॉल बघतात, २०० च्या आत आहे ना, झालं, फाइल कपाटात. मला विचाराल तर आधी ट्रायग्लिसराइड्स १५० च्या वर आणि एचडीएल ४० च्या खाली (बायकांमध्ये ५० च्या खाली) आहे का ते बघा, आपल्याकडे ही जोडी फार दिसते.

घरी बघायचं तर शिंप्याची टेप पुरे. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड, त्यांच्या बरोबर मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा आणि मग मोजायचं, पोट आत ओढून नाही. पँटचा साइज चालत नाही, कारण ढेरी सुटली की पँट तिच्याखाली सरकते आणि साइज तोच राहतो. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढा दोरा घ्या, दुमडून अर्धा करा, तो पोटाभोवती पुरला नाही तर समजून घ्या. बीएमआयही आपल्यासाठी २५ नाही, २३ पासूनच जास्त धरतात.

आता नुसतं पोटच दोषी असं नाही. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात (तोही २००४ चाच) तंबाखू, बीपी, शुगर, बिघडलेले लिपिड, पोट, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी, व्यायाम नाही वगैरे नऊच गोष्टींनी पहिल्या अ‍ॅटॅकचा सुमारे नव्वद टक्के धोका समजावता आला. आणि दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक इतरांपेक्षा साधारण सहा वर्षं आधी, पन्नाशीच्या सुरुवातीलाच येत होता. तंबाखूत सिगारेटच नाही, चुना लावून मळलेली चिमूटही आलीच. मिश्री लावणाऱ्या आज्या-काकू "आम्ही कुठं ओढतो?" म्हणतात, पण निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातंच.

पोटातली चरबी हटवादी नाही हे त्यातल्या त्यात बरं. रोज घाम येईल असं चाललं आणि जोडीला थोडं वजन उचललं तर काटा हलायच्या आधी टेप हलते, म्हणून महिनाभराने "एक किलोही कमी झालं नाही" म्हणून सोडून देऊ नका.

आणि घरात कुणा पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत अ‍ॅटॅक आला असेल तर डॉक्टरांना लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्ट्रॉल वाहून नेणारा एक कण) या टेस्टबद्दल विचारा, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, आकडा बराचसा जन्मजात असतो त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते.