ग्राफ पेपरवरचा बॉम्ब

‘यूझर एक्स्पीरियन्स’, म्हणजे यंत्र वापरताना माणसाला येणारा अनुभव, हे नाव रुळलं ते संशोधक डॉन नॉर्मन यांच्यामुळे, १९९३च्या सुमारास, ते ॲपलमध्ये असताना. त्याच कंपनीत दहा वर्षं आधी, पडद्यावरची चित्रं आणि अक्षरं घडवत, हेच काम सुझन केअर करत होत्या. मॅकिंटॉश हा ॲपलचा तेव्हा तयार होत असलेला संगणक, आणि केअर यांच्या कार्डावर हुद्दा होता ‘मॅकिंटॉश आर्टिस्ट’. मला तो जुना हुद्दाच जास्त नेमका वाटतो.

केअर संगणकाच्या वाटेने आल्याच नव्हत्या. १९७५ साली कलेची पदवी, १९७८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाची पीएचडी. प्रबंध ओनोरे दोमिए आणि क्लेस ओल्डनबर्ग या कलावंतांच्या शिल्पांतल्या व्यंगचित्रणावर. वरवर पाहता आयकॉनशी, म्हणजे पडद्यावरच्या छोट्या चित्रखुणांशी, याचा काडीचा संबंध नाही. पण व्यंगचित्रकार करतो काय? नाक धरतो, हनुवटी धरतो, बाकीचा चेहरा सोडून देतो. तरी माणूस ओळखू येतो. काय सोडायचं, हे त्यांची नजर इथेच शिकली असावी.

१९८२ मध्ये शाळेतला मित्र आणि मॅकिंटॉशचा प्रोग्रामर अँडी हर्ट्झफेल्ड याचा फोन आला, तेव्हा त्या अर्कान्सातल्या एका संग्रहालयासाठी रानडुकराचं शिल्प घडवत होत्या. मॅकिंटॉशला चित्रं हवी होती, अक्षरं हवी होती. ती काढायला सॉफ्टवेअर अजून कुठे होतं? हर्ट्झफेल्डने सुचवलं : ग्राफ पेपरची वही घे आणि चौकोन भर. आडवे ३२, उभे ३२, एकूण १०२४. प्रत्येक चौकोन काळा, नाहीतर पांढरा, करडा नाहीच. तिरकी रेघ ओढली की पायऱ्या दिसणार, छोटा गोल काढला की त्याला कोपरे फुटणार. केअर बिचकल्या नाहीत. टाके मोजून करायचं भरतकाम त्या आईकडून शिकल्या होत्या, आणि मोझेक म्हणजे तरी काय, रंगीत तुकड्यांचे चौकोनच. पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका, हे नाव नवं होतं, काम ओळखीचं. त्या वह्यांतली रेखाटनं आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

आयकॉन हा चित्रापेक्षा रस्त्यावरच्या फलकाच्या जवळचा असावा, असं त्या सांगत आल्या आहेत. मॅकिंटॉशच्या कीबोर्डवरच्या कमांड बटणाची खूण तर थेट फलकावरूनच आली. आधी मेन्यूत प्रत्येक आज्ञेपुढे ॲपलचं सफरचंद होतं. स्टीव्ह जॉब्ज वैतागले : लोगो असा जागोजागी उधळायचा नाही. केअर यांनी चिन्हांचा कोश चाळायला घेतला आणि एका चिन्हावर थांबल्या : चार कोपऱ्यांना चार वेटोळी असलेला चौकोन. स्वीडनमध्ये तो प्रेक्षणीय स्थळाची खूण म्हणून वापरतात. पुढे कित्येक वर्षांनी त्यांना कळलं, की तो बोर्गहोमच्या किल्ल्यासारखा आहे. वरून पाहिलं तर कोपऱ्यांतले गोल बुरूज तसेच दिसतात.

चित्राचा भाग निवडायचा फास म्हणजे लॅसो, रंगाची बादली, संगणक सुरू होताना हसणारा छोटा मॅकिंटॉश ही त्यांचीच कामं. नंतर १९९० च्या विंडोज ३.० मधल्या सॉलिटेअरचे पत्तेही.

आणि बॉम्ब. यंत्र कोलमडलं की दाखवायला एक चित्र हवं होतं. ते सहसा कुणाच्या नजरेला पडणारच नाही, असं प्रोग्रामरांनी सांगितलं होतं. मग केअर यांनी मजेत, पेटत्या वातीचा बॉम्ब काढला. २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश बाजारात आला, आणि बॉम्ब लोकांना चांगलाच दिसू लागला.