श्रॉपशायर

श्रॉपशायर ही इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सला अगदी खेटून असलेली काउंटी. क्षेत्रफळ साधारण साडेतीन हजार चौ. किमी, आणि सगळ्यात मोठं शहर टेलफर्ड, तेही १९६० च्या दशकात आखून वसवलेलं. बाकी सगळी शेती, मेंढरं, टेकड्या. त्यामुळे लोक याला निवांत खेडवळ भाग समजतात पण ते अर्धंच खरं आहे, कारण सेव्हर्न नदीच्या ज्या घळीत आज दाट झाडी दिसते तिथेच एकेकाळी भट्ट्या धगधगत होत्या.

घळीच्या बाजूलाच कोलब्रुकडेल. इथे १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने लोणारी म्हणजे लाकडाच्या कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक (भट्टीत भाजून काढलेला कोळसा) वापरून लोखंड गाळलं. त्याला खरं तर स्वयंपाकाची स्वस्त भांडी ओतायची होती, पण लोखंडासाठी जंगल तोडायची गरज संपत गेली आणि पुढचं सगळं बदललं. त्याच्याच नातवाने १७७९ मध्ये नदीवर ओतीव लोखंडाचा पूल उभा केला, १७८१ पासून वाहतूक सुरू. तोच आयर्नब्रिज. एका कमानीत जवळजवळ ३० मीटरचा गाळा आणि लोखंड ३७८ टन! जवळ जाऊन सांधे नक्की बघा, लोखंडाचा एवढा मोठा पूल आधी कोणी बांधलेलाच नव्हता म्हणून सुतार लाकडात करतात तशा खाचा पाडून तुकडे एकमेकांत बसवलेत आणि पाचरी मारल्यात. टोलचा जुना फलकही अजून आहे, त्यावर स्पष्ट लिहिलंय की सैनिक असो की राजघराण्यातलं कोणी, टोल सगळ्यांना भरावा लागेल. १९८६ पासून ही घळ जागतिक वारसा आहे.

श्रूझबरी हे काउंटीचं मुख्य गाव, नदीने जवळपास चहूबाजूंनी वेढलेलं, काळ्या लाकडी चौकटींची जुनी घरं भरपूर. चार्ल्स डार्विन इथलाच, जन्म १८०९. आणि भर चौकात पुतळा रॉबर्ट क्लाइव्हचा. तो याच काउंटीतला आणि श्रूझबरीचा खासदारही होता. आपल्याकडे प्लासीमुळे माहीत असतो, पण त्याच्या आदल्या वर्षी, १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्या फौजेतही तो होता, हे मराठी माणसाने तरी तो पुतळा बघताना विसरू नये. २०२० मध्ये पुतळा हटवायची मागणी झाली होती, काउन्सिलने तो ठेवला.

दक्षिणेला लाँग मिंड वगैरे टेकड्या, १९५८ पासून संरक्षित. तिथलं स्टोकसे कॅसल मला जवळच्या लडलो गावातल्या मोठ्या किल्ल्यापेक्षा जास्त आवडतं. १२८० च्या दशकात लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेलं, म्हणजे मेंढरांच्या पैशातून. वेल्सची लढाई नुकतीच आटोपलेली म्हणून दिवाणखान्याला मोठ्या मोठ्या खिडक्या ठेवायची हिंमत झाली. आतला लाकडी जिना जुनाच आहे, एकेक पायरी अख्ख्या ओंडक्यातून कापलेली.

मच वेनलॉक हे छोटंसं गाव पण चुकवू नका. डॉक्टर विल्यम पेनी ब्रुक्स यांनी १८५० मध्ये इथे गावकऱ्यांसाठी ऑलिंपियन खेळ सुरू केले, १८९० मध्ये आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबर्तिन ते बघायला आले आणि सहा वर्षांनी अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक झालं. वेनलॉकचे खेळ आजही भरतात.